जुन्या दगडी पुलाच्या सांध्यांत सिमेंट भरलं तर काय बिघडतं?

बरंच बिघडतं, आणि तेही दोन-चार पावसाळ्यांनंतर दिसतं. कमानीचे दगड एकमेकांना दाबून उभे असतात. मधला चुना त्यांना चिकटवण्यापेक्षा भार सारखा वाटून देण्याचं काम करतो. तो दगडापेक्षा मऊ असतो, म्हणून बारीक हालचाल आणि ओल स्वतः झेलतो. सिमेंट कडक आणि घट्ट. कमानीवरच्या भरावात (रस्त्याखालच्या माती-दगडांत) मुरलेलं पाणी मग सांध्यातून न निघता दगडातून निघतं, क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. सांधा शाबूत, दगड झिजलेला, असं दिसलं की सिमेंटचं काम समजावं.

दुरुस्ती करताना सांधा रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट खोल, हातछिन्नीनं मोकळा करा. ग्राइंडर दगडाच्या कडा खातो. सांधा धुऊन ओला करा, १ भाग हायड्रॉलिक चुना (पाण्याशी संयोग होऊन घट्ट होणारा चुना) आणि अडीच ते ३ भाग वाळूचा मसाला थराथरानं दाबून भरा आणि ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर तरी ठेवा.

पण त्याआधी वरचं पाणी थांबवा: रस्त्याच्या भेगा बुजवा, तुंबलेल्या पन्हळी मोकळ्या करा. सांध्यांत उगवलेला पिंपळ उपटू नका, दगड सुटतात. कापून मुळं मारा.

खरा धोका मात्र पाण्याखाली असतो. पुरात खांबाभोवतीची माती खरवडून जाते, वरची कमान कितीही देखणी असो. पूर ओसरल्यावर पाया तपासायलाच हवा.

आणि हो, खांबांची पाणी कापणारी टोकदार नाकं, पाथरवटांच्या खुणा, जुन्या दुरुस्त्या सपाट करू नका. पुलाचा इतिहास तिथेच वाचता येतो.