हायस्कूलच्या मुलांना स्थलांतर हा विषय गणित, इतिहास, भाषा अशा वेगवेगळ्या तासांना कसा शिकवावा?

सगळ्या विषयांत थोडं थोडं स्थलांतर पेरू नका. मग भूगोलात नकाशा, भाषेत निबंध, कलेत पोस्टर होतं आणि मुलं तीच चार वाक्यं चार तासांना ऐकतात. एकच प्रकरण निवडा आणि प्रत्येक विषयाला त्यावर आपापला प्रश्न विचारू द्या. अमेरिकेचा १९२४चा कोटा कायदा (कोणत्या देशातून वर्षाला किती लोकांना येऊ द्यायचं, हे ठरवणारा) मला यासाठी सर्वांत सोयीचा वाटतो, कारण त्यातली मेख आकडेमोडीत आहे.

म्हणून सुरुवात गणिताच्या तासाला करा. १९२१च्या कायद्यानुसार, १९१०च्या जनगणनेत एखाद्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत होते, त्यांच्या ३ टक्के इतका त्या देशाचा वार्षिक कोटा होता. १९२४मध्ये ३चे २ टक्के झाले आणि आधाराला १८९०ची जनगणना घेतली. इटलीचा कोटा ४२,०५७ वरून ३,८४५ वर आला. हे दोन आकडे देऊन मूळ संख्या उलट काढायला लावा: सुमारे १४ लाख आणि १ लाख ९२ हजार. मग विचारा, १९१०चाच आधार ठेवून फक्त टक्का कमी केला असता तर? कोटा सुमारे २८ हजार राहिला असता. म्हणजे टक्क्यामुळे १४ हजार गेले आणि साल बदलल्यामुळे आणखी २४ हजार. इथे "१८९०च का?" हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या, घाईने उत्तर दिलंत तर पुढच्या तासाची हवाच निघून जाते.

ते उत्तर इतिहासाच्या तासाला: दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांचा मोठा ओघ १८९०नंतरचा. चिनी मजुरांना तर १८८२च्या कायद्यानेच दार बंद झालं होतं. त्याला जोडून भाषेच्या तासाला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड या बेटावरच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात (१९१० ते १९४०) अडकवून ठेवलेल्या चिनी लोकांनी लाकडी भिंतींवर कोरलेल्या कविता वाचा. कायद्याचं कलम आणि कविता शेजारी ठेवा. दोन्हींत कर्ता कोण आहे, एवढंच शोधायला सांगा.

नागरिकशास्त्रात संयुक्त राष्ट्रांचा १९५१चा निर्वासित करार घ्या. त्यातल्या निर्वासिताच्या व्याख्येत छळाची पाच कारणं आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट, राजकीय मत. पाच-सहा काल्पनिक प्रकरणं द्या आणि त्यांत केवळ दुष्काळामुळे निघालेलं एक कुटुंब नक्की ठेवा. ते व्याख्येत बसत नाही आणि खरा वाद तिथूनच सुरू होतो.

भूगोलाला एक तास पुरतो. जगात दुसऱ्या देशात राहणारे लोक १९९०मध्ये सुमारे १५.३ कोटी होते, २०२०मध्ये २८.१ कोटी. लोकसंख्येतला वाटा मात्र सुमारे २.९ टक्क्यांवरून ३.६ टक्के झाला. दोन्हींचे आलेख काढून घ्या, नाहीतर मुलं पहिलाच आकडा धरून बसतात.

विज्ञान ओढूनताणून आणू नका. वंशावळ किंवा डीएनएचे प्रकल्प तर नकोतच: दत्तक मुलं, कागदपत्रं नसलेली कुटुंबं, घरात न बोलली जाणारी नाती, सगळं वर्गासमोर येतं. "तुम्ही कुठून आलात?" हा गृहपाठही त्याच कारणासाठी ऐच्छिक ठेवा आणि पर्याय म्हणून जुन्या जहाजाच्या प्रवासी यादीतलं एखादं नाव द्या. "स्थलांतर चांगलं की वाईट" असा वादविवाद टाळा, कारण ज्याच्याबद्दल बोललं जातंय तो त्याच बाकावर बसलेला असू शकतो. त्याऐवजी "आधार म्हणून कोणतं साल घ्यावं?" यावर वाद घाला.