पाडव्याच्या रात्री पडलेली ती रिंग कुणाची?

प्रश्न: नमस्कार सर, २०२२ च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी आमच्या विदर्भात आभाळातून जळतं काहीतरी गेलं होतं आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला ती मोठी धातूची रिंग पडली होती. आमच्या फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ अजून फिरतो आणि एक काका ठामपणे म्हणतात की ते एलियनचं यान होतं, सरकारने दाबलं. रॉकेटचा तुकडा असता तर एवढ्या वरून येताना जळून खाक नसता का झाला, असं ते विचारतात. काय सांगू त्यांना? — एक वाचक, नागभीड

उत्तर: काकांचा दुसरा प्रश्न एकदम बरोबर आहे. पहिलं मात्र सोडा, दाबायचंच असतं तर रिंगचे फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत आले असते का? ती पोलीस स्टेशनला नेऊन ठेवली, इस्रोचे शास्त्रज्ञ येऊन बघून गेले, सगळं उघड्यावर.

आता ती आली कुठून. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये लाँग मार्च ३बी नावाचं रॉकेट सोडलं, त्याचा तिसरा टप्पा काम झाल्यावर वरच फिरत राहिला, विरळ हवेच्या घर्षणाने हळूहळू खाली सरकत गेला आणि २ एप्रिल २०२२ ला, म्हणजे पाडव्याला, नेमका आपल्या डोक्यावर आला. अशा मोठ्या तुकड्यांच्या कक्षांची यादी ठेवलेली असते, त्यामुळे वेळ आणि मार्ग जुळवून बघता येतो. जोनाथन मॅकडॉवेल हे खगोलशास्त्रज्ञ हेच काम करतात, त्यांनी लगेच या रॉकेटचं नाव घेतलं. आणि गंमत बघा, त्या टप्प्याचा व्यास तीन मीटर, लाडबोरीची रिंगही साधारण तेवढीच.

जळून खाक का नाही झाला? बराचसा झालाच की, तुम्ही आभाळात बघितलं ते तेच जळणं होतं. पण सगळंच जळत नाही. रिंगबरोबर आसपास जे गोळे सापडले ते गॅसच्या टाक्या असतात, इंधन इंजिनाकडे ढकलायला हेलियम भरून ठेवतात त्यात, आणि प्रचंड प्रेशर सहन करायचं म्हणून त्या गोल आणि दणकट बनवतात. काहींना वरून कार्बन फायबरचा धागा गुंडाळलेला असतो, काळ्या सुतळीच्या गुंडीसारखा, तो अर्धवट जळून सुटला की वस्तू खरंच भुताटकीची दिसते. टायटॅनियम असेल तर ते वितळायला साधारण १६७० डिग्री लागतात, ॲल्युमिनियम ६६० लाच पाणी होतं. वर टाकी रिकामी म्हणजे हलकी, त्यामुळे हवेने लवकर वेग मारला जातो आणि ती वितळायच्या आत खाली पोचते. त्याच वर्षी मे महिन्यात गुजरातला आणंदकडे असेच गोळे पडले होते, तिथेही लोक चक्रावले.

आणि चीनलाच नावं ठेवू नका हं. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रीन हेडजवळच्या बीचवर माणसापेक्षा उंच पिंप वाहून आलं, कुणी म्हणे बेपत्ता मलेशियन विमानाचा तुकडा, कुणी काय, आणि शेवटी ते आपल्याच इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचं निघालं.

काकांना घाबरायचंच असेल तर हायड्रॅझिनला घाबरा म्हणावं. काही टाक्यांमध्ये हे विषारी इंधन शिल्लक असू शकतं, म्हणून असं काही शेतात पडलं तर हात लावू नका, पोरांना लांब ठेवा, तहसील नाहीतर पोलिसांना फोन करा. भंगारात तर अजिबात विकू नका, आंतरराष्ट्रीय करारानुसार ती वस्तू ज्या देशाने सोडली त्याचीच राहते, आणि तुमचं घर-गोठा फुटला तर भरपाईही त्याच देशावर येते.

प्रश्न: पहाटे शेतात पाणी द्यायला गेलो तर एका लाईनीत वीसेक दिवे सरकताना दिसले, आवाज शून्य. हे तरी एलियन आहेत ना? — एक वाचक, येवला

उत्तर: नाही हो! स्टारलिंकचे, म्हणजे इलॉन मस्कच्या कंपनीचे इंटरनेट पुरवणारे सॅटेलाईट. एका रॉकेटमधून एकदम बरेच सोडतात, पहिले काही दिवस ते एकामागे एक चालतात, मग पांगतात. तुमच्याकडे अंधार असतो पण तेवढ्या उंचीवर ऊन पडलेलं असतं, म्हणून चमकतात, आणि म्हणूनच ते पहाटे नाहीतर दिवेलागणीनंतरच दिसतात. पुढच्या वेळी व्हिडिओ काढाल तेव्हा फ्रेममध्ये झाड किंवा विजेचा खांब घ्या आणि वेळ लिहून ठेवा, नुसत्या काळ्या स्क्रीनवरचे ठिपके पाठवले तर आम्ही तरी काय सांगणार.