ऑपरेशन झाल्यावर निरोध मागायचा कसा?

पती मालमोटार चालवतात आणि महिन्यातून मोजकेच दिवस घरी असतात, अशा एक पस्तिशीतील ताई सुरक्षा क्लिनिकमधून, म्हणजे लैंगिक आजारांवरच्या सरकारी दवाखान्यातून, माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या. अंगावरून जाण्याच्या त्रासावर त्यांनी दुसऱ्यांदा औषधे घेतली होती. पती मात्र तपासणीला आलेच नव्हते, त्यामुळे आजार उलटण्याची शक्यता कायम होती. त्यांची अडचण वेगळीच होती. "मॅडम, माझं ऑपरेशन झालंय. आता निरोध मागायचा तरी कोणत्या तोंडानं?" हा प्रश्न अनेकजणी विचारतात, कारण आपल्याकडे निरोधाची ओळख पाळणा लांबवण्याचे साधन म्हणूनच करून दिली गेली. शस्त्रक्रिया, तांबी किंवा गोळ्या गर्भधारणा टाळतात, परंतु एचआयव्ही, सिफिलिस वा गोनोरिया यांना अडवत नाहीत, हे मी त्यांना प्रथम समजावले.

मग स्त्रियांचा कंडोम दाखवला. नायट्राइलच्या या सैल पिशवीची आतली कडी चिमटीत दाबून योनीत सरकवायची असते आणि रुंद कडी बाहेरच राहते. संबंधाच्या आठ तास आधीपर्यंत तो बसवता येत असल्याने ऐन वेळी पतीच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागत नाही. दर वेळी नवा घ्यावा लागतो. मॉडेलवर बसवताना कडी त्यांच्या हातून निसटली आणि त्या हसल्या. सरावाला वेळ लागतोच.

'स्त्रीच्या ताब्यातील साधन' हे वर्णन मात्र मी जपूनच वापरते. बाहेरची कडी दिसते आणि जाणवते, त्यामुळे ते लपवता येत नाही. मारहाणीचे भय असलेल्या घरात नुसते पाकीट हाती देणे धोक्याचेही ठरू शकते. म्हणून मी आधी तेच विचारले. "मारत नाहीत, पण संशय घेतील," असे त्या म्हणाल्या. तेव्हा घरी काय बोलायचे, ते आम्ही मिळून ठरवले: "दोघांची औषधे पूर्ण होईपर्यंत डॉक्टरांनी संबंध टाळायला सांगितले आहेत आणि पुढे हे वापरायचे आहे." अशा बोलण्यात दोष कोणाचा, हा वाद मागे पडतो आणि उपचार पुढे येतो.

पुढच्या खेपेस पती आले, त्यांनी औषधे घेतली आणि एचआयव्ही व सिफिलिसची तपासणीही करून घेतली. बायकांचा कंडोम त्यांना रुचला नाही. "त्यापेक्षा मीच निरोध वापरेन," असे ते आपणहून म्हणाले. मी ताईंना दोन्हींची पाकिटे दिली आणि घर्षणाने फाटण्याची भीती असल्याने ती एकाच वेळी वापरू नयेत, असे दोघांनाही बजावले.