मॉड्यूलची लाल वायर पिवळीला

प्रश्न : मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुन्या डेस्कटॉपचा ६५ वॅटचा प्रोसेसर थंड करायला मामाने पुण्याहून टीईसी१-१२७०६ हे पेल्टिअर मॉड्यूल (वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी चपटी चकती) आणून दिलं. कुठली बाजू प्रोसेसरवर ठेवायची? वायरी एसएमपीएसला (डेस्कटॉपला वीज पुरवणाऱ्या डब्याला) कशा जोडायच्या? दुकानदार म्हणाला, “अक्षरं वर ठेवा.” वर म्हणजे कुठे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दुकानदाराचं ‘वर’ सोडून दे. थंड बाजू प्रोसेसरकडे, गरम बाजू हीटसिंककडे, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्याकडे. छापील बाजू बहुतेक वेळा थंड असते, पण स्वस्त मालात छपाईवर विसंबू नये. साधा पेन्सिल सेल घे, लाल वायर प्लसला आणि काळी मायनसला टेकव, मॉड्यूल चिमटीत धर. दीड व्होल्टवरही थोड्याच वेळात बोटांना फरक कळतो. थंड बाजूवर मार्करने फुली मार. वायरी उलट जोडल्यास बाजूही उलटतात, म्हणून जोडणी एकदा ठरवली की बदलायची नाही. हीटसिंक नसताना १२ व्होल्ट मात्र देऊ नकोस; आतलं सोल्डर वितळतं आणि मॉड्यूल कायमचं जातं.

आता एसएमपीएस. चार पिनांच्या जुन्या कनेक्टरवर पिवळी वायर १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, मधल्या दोन काळ्या ग्राउंड. म्हणजे मॉड्यूलची लाल वायर पिवळीला आणि काळी काळीला. लालला लाल जोडून ‘नीट गारच होत नाही’ म्हणणारे बरेच भेटतात.

एवढं करूनही मी ते तुझ्या प्रोसेसरवर बसवणार नाही. पेल्टिअर उष्णता नाहीशी करत नाही, एका बाजूची दुसऱ्या बाजूला नेऊन टाकतं, आणि त्यासाठी स्वतः ४-५ अँपिअर, म्हणजे ५०-६० वॅट खातं. जास्तीत जास्त वाहून नेतं तेही ५०-६० वॅटच, आणि तेसुद्धा दोन्ही बाजूंचं तापमान सारखं असताना. फरक वाढला की ही ताकद झपाट्याने घटते. प्रोसेसरने जोर धरला की मॉड्यूल मध्येच अडसर होऊन बसणार, आणि प्रोसेसर साध्या पंख्यापेक्षा जास्त तापणार. हीटसिंकवर मात्र दोघांचा मिळून १०० वॅटच्या वर भार. पंखा बंद पडला तर बोलायलाच नको.

कामाचा भार नसताना उलटा त्रास. रत्नागिरीच्या पावसाळ्यात हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धर. मग दवबिंदू, म्हणजे हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान, साधारण २५ अंश. त्याच्या खाली गेलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरणार, तेही प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या पिनांपाशी. इंटेलने २०२० मध्ये क्रायो कूलिंग नावाने हाच प्रयोग बाजारात आणला. त्यात पाणी फिरवून उष्णता नेणारा वॉटर ब्लॉक होता, शिवाय दवबिंदूवर नजर ठेवून मॉड्यूलचा करंट कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर. तेही २०२३ मध्ये गुंडाळलं. तुझ्याकडे यातलं काहीच नाही.

मामाचे पैसे वाया नाही जाणार. डेस्कटॉपच्या प्रोसेसर आणि हीटसिंकमध्ये नवी थर्मल पेस्ट (उष्णता नीट पुढे जावी म्हणून लावायचा लेप) लाव, तेवढं त्याला पुरे. मॉड्यूल ॲल्युमिनियमच्या सपाट बुडाच्या डब्याखाली बसव. खाली पंख्यासकट एखादा सुटा हीटसिंक, दोन्ही बाजूंना पेस्टचा पातळ थर. स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे आवळ. एकाच कोपऱ्यावर जोर आला तर सिरॅमिक तडकतं. डब्यात मोजून २०० मिली पाणी घाल, आधी पंखा सुरू कर, मग मॉड्यूल, आणि दर पाच मिनिटांनी पाण्याचं नि हीटसिंकचं तापमान वहीत मांड. कॉलेजच्या प्रोजेक्टला चालेल.