आधी दान, मग हप्ते

पगार झाला की दान पहिल्याच दिवशी वेगळं काढ. उरेल ते देऊ म्हटलं की काही उरत नाही. बायबलमधल्या प्रेषित पौलानेही करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला मिळकतीप्रमाणे आठवड्याच्या पहिल्या दिवशी बाजूला ठेवायला सांगितलं होतं (१ करिंथ १६:२). दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, एकदम झेपत नसेल तर पाच टक्क्यांनी सुरू कर, पगारासोबत वाढव. पण बायकोशी बोलून, बरं का! आपल्या चर्चमधलं अर्पण वेगळं, अन् शेजारपाजारच्यांच्या दवाखान्याच्या बिलांसाठी थोडी रक्कम वेगळी ठेव. दानावरची आयकर सवलत (८०जी) प्रत्येक अर्पणावर मिळते असं धरू नको: संस्थेला मान्यता लागते, २,००० रुपयांवर रोख चालत नाही, अन् नवीन करप्रणालीत तर ही सवलतच नाही.