गावातल्या पायवाटा, पांदण रस्ते (शेतांमधून जाणाऱ्या गाडीवाटा) न् नदी जोडून सगळ्यांसाठी एक मार्ग कसा आखायचा?

आमच्या भंडाऱ्याकडचं सांगतो. पहिले तलाठ्याकडून गाव नकाशा घ्या, त्यात पायवाट एका तुटक रेषेनं न् गाडीरस्ता दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला असते, म्हणजे अर्धं नेटवर्क कागदावर आधीच आहे, फक्त शेताच्या धुऱ्यात (बांधात) दबलं. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असन तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येते. पण भाऊ, अर्जाआधी चहा पाजून पाहा, पिढ्यानपिढ्या शेजारी राहायचं आहे.

पाण्याचं खरं अवघड. वैनगंगा पावसाळ्यात दोन्ही काठ खाते न् उन्हाळ्यात जागोजागी रेतीच दिसते, त्यात गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या बाजूला पाणी अचानक चढते. म्हणून डोंग्याचा (नावेचा) टप्पा हिवाळ्यापुरता ठेवा न् प्रत्येक घाटावर जमिनीवरची पर्यायी वाट जोडाच. मामा तलावात (जुन्या मालगुजारी तलावात) डोंगा घालायच्या आधी मच्छीमार संस्थेला विचारा, जाळं कुठं लागते ते ढिवर भावांनाच माहीत. वाट जंगलातून जात असन तर वनविभागाशिवाय पाऊल नको, नागझिऱ्याकडे वाघ आहेत.

सुरुवात दोन गावं न् एका घाटापासून करा, आराखडा ग्रामसभेत ठेवा.