उशीखालचा खाऊ

प्रश्न : ताई, घरात आम्ही दोघं, सासूबाई, आमची तीन मुलं आणि चार महिन्यांपूर्वी फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरती सांभाळायला, आलेली दोन भावंडं, भाऊ ९ वर्षांचा, बहीण ५ची. सकाळी बाथरूमपासून बुटांपर्यंत नुसती झुंबड. पण जास्त त्रास वेगळाच होतोय, त्यातला भाऊ पोटभर जेवतो आणि तरी काहीतरी उशीखाली दडवतो, मुंग्या लागतात. समजावलं, रागावले, काही उपयोग नाही. माझा मधला म्हणतो, मी असं केलं असतं तर किती ओरडली असतीस! काय करू?

उत्तर : आधी रागावणं बंद करा, अगदी आजपासून. ही चोरी नाही आणि हावरटपणाही नाही हो. पुढचं जेवण मिळेल की नाही या धास्तीत ज्यानं दिवस काढलेत त्याचं पोट भरतं पण धास्ती जात नाही, तिला महिने लागतात, कधीकधी त्याहून जास्त. आमच्याकडे अशीच आलेली मुलगी दप्तराच्या आतल्या कप्प्यात खाऊ लपवायची. तिला मी घट्ट झाकणाचा डबा दिला, वर नाव तिनंच लिहिलं, रोज रात्री तिच्यासमोर भरायचा आणि खाल्लंस का, का ठेवलंस, काही म्हणजे काही विचारायचं नाही. सुरुवातीला ती मध्यरात्री उठून फक्त झाकण उघडून बघायची आणि परत लावायची, तो टक्‌ आवाज मी अंथरुणात पडून ऐकायचे. बऱ्याच आठवड्यांनी तो यायचा थांबला.

तुम्ही पाचही मुलांना असे डबे द्या, म्हणजे मधल्याचा रुसवा थोडा कमी होईल. थोडाच, कारण त्याचं म्हणणं खरं आहे, त्याची आई वाटली गेलीये. त्याला 'तू समजूतदार आहेस ना' असं म्हणू नका, त्यापेक्षा रोज १५ मिनिटं फक्त त्याची ठेवा. आणि त्या भावंडांची मागची हकिगत त्याला सांगू नका, पाहुण्यांनाही नाही, ती त्या दोघांची आहे. 'त्याला अजून भरवसा वाटत नाहीये' एवढं पुरे.

सकाळचं म्हणाल तर दप्तरं, कपडे, बूट रात्रीच काढून ठेवा आणि बाथरूमचे नंबर चित्रं काढून भिंतीवर लावा, धाकटीला वाचता येत नसलं तरी कळेल. नवीन घरात आलेल्या मुलांना आता पुढे काय होणार हे आधी माहीत असलं ना, की निम्मी भीती तिथेच कमी होते.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, त्या भावंडांच्या आईवडिलांच्या भेटीचा दिवस सांभाळा. मुलाच्या हिताला बाधा येत नसेल तर मुलाला त्यांना नियमित भेटायचा हक्क आहे, संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारात कलम ९ मध्ये तो दिलाय. भेटीआधी आणि नंतर मुलं बिथरतात, अंथरूण ओलं करतात, भांडतात, म्हणून भेट वाईट असं लगेच ठरवू नका. जेम्स आणि जॉयस रॉबर्टसन या ब्रिटनमधल्या संशोधक जोडप्यानं १९६०च्या दशकात आई दवाखान्यात असलेली लहान मुलं आपल्या घरी सांभाळली, तेव्हा ते मुलाच्या आईबद्दल मुद्दाम बोलायचे, तिचा फोटो दाखवायचे. तुमच्याकडे त्यांच्या आईचा फोटो आहे का? नसेल तर सोशल वर्करकडे मागा आणि धाकटीचा हात पोचेल इतक्या खाली लावा.